नव्या चेनसॉची खंडेनवमी

अमरावतीच्या दुकानात मेकॅनिकने खोक्यातून नवी चेनसॉ बाहेर काढली, काउंटरवर ठेवली आणि मला पहिलीच गोष्ट सांगितली ती ही, की सुरुवातीला हिच्यावर अजिबात चिडायचं नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताच्या पंख्याकडे पाहत होता आणि मिशीखाली हसू दाबत होता. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे या माणसाला कुणी सांगितलं, असा मला संशय आला.

“ताई, नवी मशीन हाये,” मेकॅनिक म्हणाला. “पहिल्या दोन-तीन टाक्या आरामात चालवा. रिकामी असली का फुल रेस देऊ नोका. आधी बारीक लाकूड, मंग जाड. मधात मधात थांबा. चेन नवी हाये, गरम झाली का लांबते, तवा थंडी झाल्यावर तिले कसत जा. अन् पेट्रोलात टूटी ऑइल टाकल्याबिगर टाकी भरूच नोका. नाईतर इंजिन जाम झालं म्हणून समजा.”

“अन् एकदाच जोरात चालवून पाह्यली तर?” नवऱ्याने विचारलं. हा माणूस नवा मिक्सर आणला तरी आधी तीन नंबरवर फिरवून पाहतो.

“भाऊ, आतला पिस्टन नवा, सिलिंडर नवा. एकमेकाच्या अंगवळणी पडाले त्याइले टाइम लागते. नवी सून आली का पहिल्याच दिवशी कोणी तिले गावजेवणाच्या पोळ्या लाटाले लावते काय?”

“लावते न,” मी म्हणाले. “आमच्या घरी लावलं होतं.”

नवरा पुन्हा पंख्याकडे पाहू लागला.

पण खरं सांगते, त्या दिवशी मला कुणाचाच राग येत नव्हता. लग्नातले दागिने बघतानाही मला इतकं कौतुक वाटलं नव्हतं. तो नारिंगी रंग, ती लांब पट्टी, तिच्यावरून फिरणारी दातेरी साखळी, आणि हातात घेतल्यावर जाणवणारं ते भारदस्त वजन! परतवाड्याच्या एसटीत खोकं मी सीटखाली ठेवू दिलं नाही, मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, “मावशी, काय हाये त्यात?” मी म्हटलं, “झाडं कापाची मशीन.” तो म्हणाला, “मधातच चालू नाई न होणार?” आणि सगळी एसटी हसली. शेजारची बाई मात्र लेकराला घेऊन जरा खिडकीकडे सरकली.

ही मशीन घ्यायचं कारण आमची संत्र्याची बाग. अचलपूरपासून पुढे, पांधणीच्या, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या, शेवटाला आमचं शेत आहे. बाग सासूने लावलेली. तेव्हा विहिरीवर मोटरही नव्हती. एकेका कलमाला तिने हंड्याने पाणी घातलंय, हे मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की मीच पाणी घातल्यासारखं मला वाटतं. पुढे बागेत डिंक्या शिरला. खोडातून डिंक गळायचा, वरून फांद्या सुकत यायच्या. औषधं झाली, लेप झाले, झाडं काही वाचली नाहीत. नुसती वाळून उभी राहिली.

मी म्हणत होते, वाळकी झाडं काढा आणि फुलं लावू. सासू म्हणत होती, काढा आणि पुन्हा संत्राच लावा. घरात रोज हेच. शेवटी आमच्यात एक बोली झाली. अर्ध्या बागेतली वाळकी झाडं मजूर लावून काढायची आणि तिथे मी एकदा झेंडू करायचा. दसऱ्याला फुलं विकली गेली, तर बाकीची अर्धी जागाही माझी. नाही गेली, तर सगळीकडे पुन्हा संत्रा, आणि मी तोंड मिटून खड्डे खणायचे. फक्त एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. घराला लागून असलेली पहिली ओळ तिची.

“माह्या जीतेपणी त्या ओळीले कोणी हात लावाचा नाई,” असं ती म्हणाली होती. त्या ओळीत एकही हिरवं पान नव्हतं. तरी मी हो म्हटलं.

झेंडू मात्र असा आला, असा आला, की मी सकाळी उठून आधी शेताकडे धावायची आणि मग तोंड धुवायची. बांधावर उभं राहिलं की डोळे दिपायचे. आपण जिंकणार याची मला इतकी खात्री झाली, की बाकीची अर्धी बाग काढायला मी दसऱ्याच्या आधीच चेनसॉ घेऊन आले. सासूने खोक्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “बिनापूजेचं औजार झाडाले लावाचं नाई. खंडेनवमी होऊ दे.”

माझे हात शिवशिवत होते. पण मशीनची पूजा होईपर्यंत निदान चेन तरी तेलात भिजवून ठेवू, म्हणून मी एक परात घेतली, त्यात तेल ओतलं आणि साखळी बुडवली. ती नेमकी सासूची पुरणाची परात निघाली. त्यावरून जे झालं ते सोडून देते.

अष्टमीला दिवसभर तोडणी झाली. बायका वाकून वाकून तोडत होत्या, मी पोती भरत होते. शेजारच्या शेतातले चाचा संध्याकाळी आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन आमच्या शेतात आले. चाचांची स्वतःची संत्र्याची बाग आहे, गाडीही त्यांचीच आहे, आणि माझ्या सासऱ्यांचे ते शाळेपासूनचे दोस्त. आम्ही पोती गाडीत चढवली. तेवढ्यात आभाळ आलं, वारा सुटला आणि परतीचा पाऊस धो धो कोसळायला लागला. गाडीवर ताडपत्री टाकून चाचा म्हणाले, “गाडी राहू दे इथंच. सकाळी निघू. दुपारपर्यंत अमरावतीच्या मार्केटात पोचलो का झालं.” आणि ते डोक्यावर पोतं घेऊन पायीच घरी गेले.

उजाडल्यावर पाहिलं, तर पांधणीवरचा मोठा कडुनिंब मुळासकट आडवा पडलेला. एका बाजूला पाण्याने भरलेली नाली, दुसऱ्या बाजूला काळ्या मातीचा चिखल, आणि मधे या बांधापासून त्या बांधापर्यंत झाड. माझी फुलं अलीकडे, अमरावती पलीकडे.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दसऱ्याचा झेंडू नवमीला बाजारात पाहिजे. दसऱ्याची दुपार झाली की त्याला कुणी विचारत नाही, आणि तोडलेला ओला झेंडू पोत्यात वाट बघत बसत नाही, तो तापतो आणि काळा पडतो. नवऱ्याने फोन लावायला सुरुवात केली. पलीकडे दुसरी गाडी मिळाली असती तर डोक्यावरून पोती नेली असती, पण त्या दिवशी तालुक्यातली एकही गाडी मोकळी नव्हती. जेसीबीवाला म्हणाला, रात्रीच्या वाऱ्याने जिकडे तिकडे झाडं पडलीत, उद्या बघू. ट्रॅक्टर चिखलात उतरायला कुणी तयार नव्हतं. कुऱ्हाडीने ते खोड तोडायला दिवस मावळला असता.

मी ताडपत्री सोडली, पोत्यांना वारा लागू दिला आणि घरात पळाले. खोकं उचलून अंगणात आणलं.

“पूजा?” सासू दारातच उभी होती.

“करा आई, पण लवकर करा!”

तिने आधीच सगळं मांडलं होतं. पाट, विळे, कुदळ, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, बाजूला नवऱ्याची मोटरसायकल. मी मशीन मधे ठेवली. वेळ वाचावा म्हणून एकीकडे ती हळदकुंकू लावत होती आणि दुसरीकडे मी तेल-पेट्रोल करत होते. कॅनमधे पेट्रोल घेतलं, दुकानातून मिळालेली टूटी ऑइलची एकुलती एक बाटली मापाने त्यात रिकामी केली, हलवलं, टाकी भरली. साखळीच्या तेलाची वेगळी टाकी असते, तीत तेल घालायचं राहिलं होतं. ते आणायला मी आत गेले. दोन्ही झाकणं उघडीच होती.

बाहेर आले तेव्हा नारळ फुटला होता. सासू वाकून, अतिशय भक्तिभावाने, पळीने नारळाचं पाणी मशीनच्या टाकीत घालत होती. एक पळी टाकीत. मग एक पळी कॅनमधे. दोघांत भेदभाव नको म्हणून असेल.

“आई! काय करून राहिल्या तुमी?”

ती दचकली नाही. “पानी पाजून राहिली तिले. कोरड्या तोंडानं कामाले लावाची काय?”

मला एका क्षणात सगळं कळलं. विहिरीवरच्या मोटरपंपाची पूजा ती दर खंडेनवमीला अशीच करते. त्या पंपाच्या तोंडात पाणी ओतल्याशिवाय तो पाणी उचलतच नाही, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलंय. उघडं तोंड दिसलं की पाणी घालायचं, मग मशीन चालते. तिच्या हिशेबात तिने या मशीनला सुद्धा मोठ्या मायेने चालती केली होती. आणि इकडे माझ्या टाकीत पेट्रोलाच्या खाली नारळाचं पाणी बसलं होतं.

डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. तोंडात शब्द आले होते, ते सगळे तिच्या हातातल्या पळीकडे बघून मी गिळले. तिने विचारलं, “काहून वो? चुकलं काय माहं?” मी म्हटलं, “हे इंजिन पानी पेत नाई, आई.” तिने पळी पाटावर ठेवली आणि पदराने हात पुसत राहिली.

टाकी आणि कॅन दोन्ही उलटं करून ओतलं, थोड्या साध्या पेट्रोलाने खळखळून धुतलं, तेही ओतलं, आणि उन्हात कोरडं करायला ठेवलं. पेट्रोल नवऱ्याच्या मोटरसायकलीतून निघालं असतं. पण टूटी ऑइल कुठून आणायचं? नवरा म्हणाला, “थोडासाच टाइम तर हाये, बिना ऑइलची चालवून पाहू.”

“हात लावून पाहा तुमी तिले!” मी म्हटलं. तो दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात झाडापलीकडून फट् फट् फट् असा आवाज आणि त्याच्यामागून निळ्या धुराचा लोट आला. चाचा! त्यांची ती जुनी मोटरसायकल. आजकालच्या पोरांनी पाहिलीही नसेल अशी, पेट्रोलात ऑइल घालून चालणारी, गावात शिरली की चाचांच्या आधी धूर पोचायचा. मी त्या धुरावर आजवर किती बडबड केली असेल! त्या सकाळी मात्र तो धूर पाहून मी अक्षरशः उडी मारली आणि चिखलातून धावत सुटले.

“चाचा, टूटी ऑइल हाये काय?”

चाचांनी खोडावरून इकडे पाहिलं, आमच्या अंगणातली पूजा पाहिली, उलटी ठेवलेली मशीन पाहिली आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली. सीटखालच्या डिकीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. “बेटा, हे नाई असलं तर माही गाडी घरातून निंगत नाई.” मग फांद्यांतून वाट काढत ते इकडे आले आणि माझ्या हातात बाटली देताना म्हणाले, “पण सबूर ठेव. ही गाडी मी अकोल्याहून नवी आणली तवा दर्यापूरपासून सायकलवाले मले ओलांडून जाऊन राहिले होते. लोकायनं लय हासून घेतलं. आता त्याइच्या गाड्या भंगारात गेल्या, माही अजून धूर सोडून राहिली.”

नव्याने तेल-पेट्रोल केलं. साखळीचं तेल भरलं. नवऱ्याचं मोटरसायकलचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले. चोक ओढला, मशीन जमिनीवर दाबून धरली आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खोकल्यासारखा एक आवाज. नारळाच्या पाण्याचा एखादा थेंब आत राहिला असेल तर? चोक आत ढकलला आणि जीव खाऊन दोरी ओढली.

आणि ती बोलली! आधी अडखळत, मग एकसारखी, घुर्रर्र करत. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण नवरा सांगतो की चाचांनी कानांवर हात ठेवले ते मशीनमुळे नाही, माझ्यामुळे. माझ्या हातात ती थरथरत होती आणि मीही थरथरत होते, आणि कोण कुणामुळे ते सांगता येत नव्हतं.

मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे आधी बारीक फांद्या घेतल्या. पट्टी फांदीवर टेकवायची, मगच रेस द्यायची, मशीनच्या वजनानेच कापू द्यायचं, आणि फांदी तुटली की लगेच रेस सोडायची. कापलेल्या फांदीच्या पांढऱ्या लाकडासमोर पट्टी धरली तेव्हा तेलाचे बारीक शिंतोडे दिसले, म्हणजे साखळीला तेल पोचत होतं. भुसा पायांवर पडायला लागला. लोण्यातून सुरी जावी तशी फांदी कापली जात होती आणि कडुनिंबाचा कडवट, ताजा वास नाकात भरत होता. नवरा मागून फांद्या ओढून बांधावर टाकत होता. चाचा कुऱ्हाडीने बारकं सोडवत होते. मी इतकी खूश होते की हेल्मेटच्या आत एकटीच हसत होते.

पांधणीवर माणसं जमली. त्यांनाही त्याच रस्त्याने जायचं होतं. पण आमच्याकडे चार माणसं जमली आणि मशीन चालू असली, तर बघणारा एकही गप्प राहत नाही.

“वैनी, रेस द्या न!”

“अशी काहून चालवून राहिली, मिक्सर हाये काय ते?”

“जोर लावा, जोर! आवाजच नाई येऊन राहिला!”

त्यांना मशीनचा फाडून टाकणारा आवाज ऐकायचा होता. खोटं कशाला बोलू, मलाही ऐकायचा होता. बोट रेसवरच होतं. नुसतं दाबायचं. पण माझी सगळी फुलं या एका इंजिनावर होती. मी बोट आवरलं. आयुष्यात इतका वेळ स्वतःला आवरल्याचं मला तरी आठवत नाही.

टाकी संपली तेव्हा खोड उघडं पडलं होतं. साखळी सैल होऊन पट्टीखाली लोंबत होती. ती थंड होईपर्यंत थांबले, मग कसली, बोटाने ओढून पाहिली, टाकी भरली आणि खोडाला पट्टी लावली. हळूच रेस दिली. खोड रुंद होतं, जुनं होतं. काप मिटून पट्टी अडकू नये म्हणून चाचांनी लाकडाची पाचर ठोकली. मी जोर लावत नव्हते. तीच चालत होती, खोल खोल जात होती, आणि एकदम कड्कन आवाज झाला. पहिला काप आरपार!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी जाण्यापुरती जागा करायला अजून एक काप पाहिजे होता. ऊन चढत होतं. गाडीतल्या पोत्यांवर माशा घोंगावायला लागल्या होत्या. आणि मशीनला हात लावला तर चटका बसत होता. मी ती खोडापासून बाजूला घेतली, रेस सोडून थोडा वेळ नुसती चालू दिली आणि बंद केली.

एकदम शांतता झाली.

“बंद काहून केली?” नवरा ओरडला. “अवो, एकच काप राह्यला! दुपार होऊन राहिली! फुलं सडतीन तुई, मंग बोंबलशीन!”

“ती तापली.”

“तापली तं तापली! मशीनच हाये ते!”

लोकही बोलायला लागले. कुणी म्हणालं, बाईमाणसाचं काम नाही हे. कुणी म्हणालं, द्या इकडे, मी दाखवतो. एकाने तर हात पुढे केला. उठावं, दोरी ओढावी, बोट दाबावं आणि एकेकाचं तोंड बंद करावं, असं इतकं वाटत होतं की मी उठलेही.

“बसू दे तिले.”

सासू. ती कधी आली कुणाला कळलं नव्हतं. चिखलातून चपला हातात घेऊन आली होती. लोक बाजूला झाले. ती मशीनजवळ गेली, वाकली, अंतरावरूनच हाताला वाफ लागते का ते पाहिलं आणि लेकाकडे वळली.

“गरम झाली हाये. तुले दिसत नाई काय? जिचं नुकसान व्हाचं तिले समजते, तुले काय करा लागते?” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बस वो पोरी. पानी पे. हे इंजिन तरी पानी पिऊन चालते न?”

चाचा आधी हसले. मग नवरा हसला. मग मीही हसले, आणि तिथेच कापलेल्या खोडावर तिच्या शेजारी बसून गटागटा पाणी प्यायले. लोक चुळबुळत राहिले. आम्ही दोघी बसून राहिलो, मशीन निवेपर्यंत.

दुसरा काप पहिल्यापेक्षा सोपा गेला. मशीनचा आवाज आता सकाळसारखा अडखळत नव्हता. खोडाचा तुकडा सुटला तेव्हा तीच माणसं, रेस द्या म्हणणारी, पहारी घेऊन पुढे आली आणि “हां! हां!” करत तो नालीत लोटला. चाचांनी गाडी सुरू केली. मी पोत्यांवर चढून बसले. चिखल उडवत, भुसा तुडवत गाडी त्या फटीतून बाहेर पडली तेव्हा मी हेल्मेट घातलेलंच होतं, हे मला थेट अमरावतीच्या मार्केटात कुणीतरी हसल्यावर कळलं.

मार्केटात नुसती झुंबड होती. आमची पोती उतरायच्या आधीच लोक हात घालून फुलं बघत होते. एक माळवाली म्हणाली, “बाई, फूल टपोरं हाये. पण याले कडूलिंबाचा वास कावून येऊन राहिला?” मी म्हटलं, “ते मोठी गोष्ट हाये, तू फूल घे.” शेवटचं पोतं गेलं तेव्हा मी रिकाम्या गाडीत उभी राहून दोन्ही हात वर केले. चाचा म्हणाले, “उतर बेटा, लोक पाहून राहिले.” पाहू दे की! मी जिंकले होते. बाकीची अर्धी बाग माझी होती.

दसऱ्याच्या सकाळी उठले तर मशीन खोक्यात नव्हती. मी घाबरून बाहेर आले. घराला लागून असलेल्या पहिल्या ओळीत सासू उभी होती. त्या ओळीत, जिला तिच्या जीतेपणी कुणी हात लावायचा नव्हता. मशीन तिच्या पायाशी ठेवलेली, पट्टीवर झेंडूची छोटीशी माळ. तिने आदल्या दिवशी कधी फुलं बाजूला काढून ठेवली होती कोण जाणे. समोरच्या वाळक्या संत्र्याच्या खोडाला हळदकुंकू लावलेलं होतं.

“मेकॅनिक काय म्हणे?” तिने विचारलं. “नव्या मशीनले बारीक लाकूड पाह्यजे म्हणे न?”

“हो. अजून एक-दोन टाक्या.”

“मंग हे बारीकच हाये.” तिने खोडावर हात ठेवला. “इथून सुरू कर.”

मी म्हटलं, “आई, ही ओळ राहू द्या. बोलीत नव्हती ही.”

“तवा नव्हती. आता हाये.” तिने खोडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “वाळलं झाड मी कायले धरून बसली होती? काल त्या निंबाखाली कोणी असतं तं? अन् हे तं घराले लागूनच हाये. पण रेस नको देऊ एकदम. सावकाश.”

मी माळ काढून तिच्या हातात दिली. तेल-पेट्रोल भरलं. झाकणं लावली, आणि तिने ती लावल्याचं पाहिलं. पहिल्याच ओढीत मशीन चालू झाली. मी पट्टी खोडावर टेकवली आणि दुकानात सांगितली होती त्याहूनही कमी रेस दिली. लाकूड आतून पिवळं निघालं. झाड आवाजही न करता बाजूला कललं. सासूने त्याची एक फांदी हातात धरली आणि ते हळूच जमिनीवर टेकवलं, झोपलेल्या लेकराला ठेवतात तसं.

मी पुढच्या झाडाकडे वळले.

“थांब,” ती म्हणाली. “आता बसू दे तिले थोडं.”

मशीन अजून नीट तापलीही नव्हती. मी ती बंद केली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसले.